पोरीच्या सीईटीचे मार्क मी 499 रुपयांना विकत घेतले

मी नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितो. सव्वीस वर्षं झाली. कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं लावून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. पट्टी दहा रुपयांनी चुकली तरी माणूस संध्याकाळी परत येऊन उभा राहतो, त्यामुळे बेरजेला हात बसलेला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मी दुसऱ्याला पैसे देऊन 150 ओळींची बेरीज करून घेतली.

गोष्ट 2025 ची. मोठीने एमएचटी-सीईटी म्हणजे राज्याची इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षा दिली, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुप. नागपूरच्या एलआयटी कॉलेजात केमिकल इंजिनीअरिंग मिळावं हे तिचं स्वप्न, नाहीतर हिंगणा रोडचं एखादं कॉलेज. त्या वर्षी पोरांच्या डोक्यात आधीच किडा होता. 27 एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणितात 21 चुका निघाल्या आणि 5 मेला त्या पोरांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. आमच्या पोरीची शिफ्ट ती नव्हती, पण "आमच्याही पेपरात काही असलं तर?" हे सुरू झालं ते थांबेना. रात्री कूलरपुढे फोन घेऊन बसायची. मैत्रिणींचा एकच विषय, तुझी शिफ्ट कोणती, किती होतात, पर्सेंटाइल किती जाईल.

मेमध्ये रिस्पॉन्स शीट, म्हणजे पोरीने दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं दाखवणारा कागद, लॉगिनला आली. तिने उघडली आणि बंद केली. "बाबा, मला पाहायची हिंमतच होत नाही." मग टेलिग्रामवरचा एक नंबर दाखवला. वर्गातल्या दोघींनी तिथून म्हणे खरा स्कोर काढला होता. निकालाआधी शिफ्टनुसार पर्सेंटाइल, फी 499.

फोन मीच केला. माणूस तिशीच्या आतबाहेरचा वाटला. सांगत होता मुंबईहून बोलतो, परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलमध्ये बसणं-उठणं आहे. मध्येच "काऊन घाबरता काका" म्हणाला तेव्हा माझ्या कानाला कळायला हवं होतं की हा गडी इकडचाच. उलट मला बरं वाटलं, आपला माणूस निघाला म्हणून. अॅप्लिकेशन नंबर, पासवर्ड, जन्मतारीख मागितली. मी व्हॉट्सअॅपवर टाकली. बायको मागून म्हणाली, पासवर्ड काहून देता? मी म्हटलं, त्याशिवाय तो पाहील कसा.

पाऊण तासात उत्तर आलं. फिजिक्स 29, केमिस्ट्री 31, गणित 24 बरोबर म्हणजे 48. एकूण 108. पोरीने धीर करून शीट उघडली आणि मोजलं. तंतोतंत. माझा विश्वास बसला तो इथे, आणि फसवणुकीची खरी गोम इथेच आहे. त्याने काही गुप्त आणलं नव्हतं. शीटवर प्रत्येक प्रश्नाखाली बरोबर पर्याय आणि पोरीने निवडलेला पर्याय छापलेला असतो. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे 50 दोन-दोन मार्कांचे, एकूण 200, चुकलं तरी काही कापत नाहीत. आमच्याच किल्लीने आमचंच कपाट उघडून आमचेच मार्क त्याने आम्हाला वाचून दाखवले आणि आम्ही म्हणालो, वा, माणूस पोचलेला आहे.

मार्क खरे निघाल्यावर पुढचं सगळं खरं वाटलं. "पण काका, पर्सेंटाइल 86 वर अडकतंय. शिफ्ट सोपी होती, नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे सगळ्या शिफ्टचे मार्क एका मापात आणताना, मार बसला." पोरीच्या डोळ्यात टचकन पाणी. मग म्हणाला, सात प्रश्नांवर आक्षेप घेता येतो, प्रश्नाला 1,000 रुपये सरकारी फी आहे. ती फी खरोखर तेवढीच होती, पोरीने नोटिशीत पाहिलं. चोर मधे-मधे खरं बोलत होता, तेच आम्हाला नडलं. 7,000 क्यूआरवर टाकले. स्कॅन केल्यावर कुठल्याशा किराणा दुकानाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, "ऑफिसचं खातं सध्या लिमिटला आहे." दुसऱ्या दिवशी आक्षेप आतून मान्य करून घेण्यासाठी 15,000. हे का दिले? कळमन्यात आतून काम होतं हे रोज पाहतो, म्हणून दिले. लपवत नाही. मला वाटलं इथेही तसंच असेल.

संध्याकाळी आक्षेप भरल्याची पावती आली. वर चिन्हबिन्ह, खाली सात प्रश्नांचे आयडी, एकूण 7,000. मी बेरीज तपासली, बरोबर होती. मला तेवढंच येतं. पोट्टी मात्र पावती शीटच्या शेजारी ठेवून एकेक आयडी शोधत बसली. पहिला नाही. दुसरा नाही. सातपैकी एकही आयडी तिच्या पेपरात नव्हता. लॉगिनमध्ये जाऊन पाहिलं तर आक्षेपांच्या जागी काहीच भरलेलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, हा दुसऱ्याच कोणाचा पेपर आहे."

त्याला विचारलं तर आवाजच बदलला. लॉगिन माझ्याकडे आहे, फॉर्म रद्द करून टाकीन, अजून 10,000 टाका. अर्धा तास आम्ही तिघंही नुसते बसून होतो. मग पोरीनेच पासवर्ड बदलला. मी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तिथे पहिली गोष्ट विचारतात ती व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तो यूपीआयच्या हिस्ट्रीत असतो. आधीच काढून ठेवा, मला चष्मा शोधण्यापासून तयारी होती. पहिल्या दिवसाचे पैसे पुढे सरकून गेले होते. 15,000 मधले खात्यात शिल्लक राहिलेले 2,140 तेवढे गोठवता आले. तासाभरात फोन केला असता तर जास्त सापडले असते, असं फोनवरच्या बाईंनी सांगितलं. चॅट पुसू नका असंही म्हणाल्या. मी रागाच्या भरात पुसायलाच निघालो होतो.

पर्सेंटाइलचं मला नंतर नीट कळलं, तेही बाजाराच्या भाषेत. तुमच्या शिफ्टला जितके बसले त्यांपैकी तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क असलेले किती, भागिले एकूण बसलेले, गुणिले शंभर. म्हणजे सगळ्यांची पट्टी झाल्याशिवाय एकाचाही आकडा निघत नाही. पहाटे चार गाड्या आल्या असताना दिवसभराची आवक छातीठोक सांगणाऱ्याला आम्ही यार्डात हसतो. शिवाय आक्षेपांचा निकाल लागून अंतिम उत्तरं ठरेपर्यंत मार्कही वरखाली होऊ शकतात. आणि एखादा आक्षेप मान्य झालाच तर त्याचा फायदा तो प्रश्न आलेल्या सगळ्याच पोरांना मिळतो. एकट्या आमच्या पोरीसाठी आतून मान्य करून देणं ही वस्तूच अस्तित्वात नाही. जुन्या वर्षांवरून अंदाज लावणारे फुकटचे तक्ते असतात, ते पाहायला हरकत नाही. सात दशांशांपर्यंतचा खरा आकडा निकालाच्या आधी विकायला कोणाकडेही नसतो.

तिच्या वर्गातल्या त्या दोघींनीही पैसेच घालवले होते. एकीने 499, दुसरीच्या घरच्यांनी किती ते अजून सांगितलेलं नाही. लाजेने कोणी बोललं नाही म्हणून नंबर आमच्यापर्यंत आला.

16 जूनला निकाल लागला. 94 च्या वर पर्सेंटाइल. 86 चा आकडा त्याने घाबरवायला नुसता फेकला होता.

घरखर्चाची वही मी अजून हातानेच लिहितो. 22,499 कोणत्या सदरात टाकावे यावर दोन दिवस पान कोरंच होतं. शिक्षण म्हणावं तर खोटं, उसने म्हणावं तर परत यायचे नाहीत. शेवटी बुडीत लिहिलं. त्यातून 2,140 वजा करायचे आहेत, ते आले की करीन. शेजारी समासात पोरीने पेन्सिलने लिहून ठेवलंय, 29 अधिक 31 अधिक 48.