रेसच्या गिअरबॉक्सला जीएल-४ की जीएल-५?

जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन श्रेणी. दोन्ही डब्यांवर दाटपणा दाखवणारं ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं. मग आकडा मोठा तो चांगला, असं समजून बरेचजण जीएल-५ उचलतात. दाटपणा सारखाच, पण आतला मसाला वेगळा. जीएल-५ मध्ये दाब झेलणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं साधारण दुप्पट असतात. ती हवीत हायपॉइड (आस एका रेषेत न येणाऱ्या तिरक्या दात्यांच्या) डिफरन्शियलला, म्हणजे चाकांकडे ताकद वाटणाऱ्या भागाला, कारण तिथे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. तिथे जीएल-४ ओतणं म्हणजे दात्यांची वाट लावणं.

गिअरबॉक्सचं गणित निराळं. सिंक्रो रिंग बहुधा पितळेची असते आणि गिअर टाकताना वेग जुळवायला तिला घर्षण लागतं. तेल फार निसरडं असेल तर घाईत तिसरा टाकताना खर्र आवाज आलाच म्हणून समजा. शिवाय तापलेल्या तेलातलं गंधक पितळ खातं, आणि रेसमध्ये तेल तापणारच. (पितळेला सांभाळून घेणारी जीएल-५ तेलंही मिळतात, पण डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच विश्वास ठेवा.)

म्हणून स्विफ्टसारख्या गाडीवर बेतलेल्या रेसकारला मी डोळे झाकून जीएल-४ टाकेन. डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असलं तरी तिथले दाते हायपॉइड नसतात. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं उलट आहे: एकाच तेलात सिंक्रोही आणि हायपॉइडही. कंपनी जीएल-५ सांगते, तेच घाला. डॉग बॉक्समध्ये (खुंट्या थेट अडकवून गिअर टाकणारा रेसचा गिअरबॉक्स) तर सिंक्रोच नसतात, त्यामुळे जीएल-५ बिनधास्त चालतं. प्लेटवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल, तर त्यासाठीच बनवलेलं तेल बघा.