कॉकाटिएलचे एक्स-रे: आठ महिन्यांत काय दिसले, काय दिसले नाही

आमच्या घरी चार वर्षांची चिंगी नावाची कॉकाटिएल (तुरा असलेला छोटा पोपट) आहे. वजन ९२ ग्रॅम, आणि चोचीत येईल ते कुरतडण्याची सवय. गेल्या आठ महिन्यांत तिच्या पोटाचे एक्स-रे दोन वेगळ्या कारणांसाठी काढावे लागले. पहिल्या वेळी त्यांनी तिचा जीव वाचवला, दुसऱ्या वेळी मात्र साध्या एक्स-रेचा काहीच उपयोग झाला नाही, म्हणून दोन्ही अनुभव लिहीत आहे.

पहिल्या वेळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसू लागली, पाणी फार पिऊ लागली आणि विष्ठा गडद हिरवी झाली. जवळच्या दवाखान्यात एकच एक्स-रे काढून पोटातले पांढरे ठिपके म्हणजे दाणे दळण्यासाठी पक्षी गिळतात ते खडे आहेत, असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. दोन दिवसांनी ती दांडीवर पाय रोवून बसू शकेना, तेव्हा पक्ष्यांवरच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक एक्स-रे कुशीवर आणि एक उताणी झोपवून घेतला. खडेही पांढरे दिसतात, परंतु धातू त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक ठळक आणि तीक्ष्ण कडांचा दिसतो. हा फरक त्यांनी पडद्यावर दाखवला आणि दुसऱ्या एक्स-रेवरून धातूचे तुकडे पेषणीतच (पक्ष्यांच्या पोटातला दाणे दळणारा भाग) आहेत हेही निश्चित केले. घरी येऊन पाहिले तर खेळण्यातल्या घुंगरावरचा जस्ताचा मुलामा सोललेला होता.

एक्स-रे काढण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला भीती त्या पद्धतीचीच होती. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे छाती दाबून धरणे म्हणजे त्यांना गुदमरवणे होय. येथे तिला आयसोफ्लुरेन वायूची हलकी भूल देऊन, पंख पसरून, कागदी चिकटपट्टीने अॅक्रिलिकच्या फळीवर ठेवले आणि काही मिनिटांतच ती शुद्धीवर आली. अगदी अशक्त पक्ष्याला भूल न देता पिंजऱ्यातच दांडीवर बसवूनही एक एक्स-रे घेता येतो, पण त्यात पंख आणि पाय पोटावर येतात.

उपचार म्हणून कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शने सुरू झाली. हे औषध रक्तातल्या धातूला बांधून शरीराबाहेर काढते, पेषणीतला तुकडा मात्र जागेवरच राहतो. तो गेला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा एक्स-रे लागतो. दोन आठवड्यांनी एक कण उरला होता, पाचव्या आठवड्यात पोट स्वच्छ दिसले. रक्तातल्या जस्ताची तपासणीही करून घ्यावी, कारण धातू विरघळून रक्तात गेला असेल तर एक्स-रे स्वच्छ येऊनही विषबाधा चालूच असू शकते. (त्या नमुन्याला नळीच्या रबरी बुचाचा स्पर्श होऊ नये, कारण रबरात जस्त असते, हे मला डॉक्टरांकडूनच कळले.)

सहाव्या महिन्यात तिने सुती दोरीच्या खेळण्याचे धागे गिळले. ती खाल्लेले दाणे ओकू लागली, पण दोन्ही एक्स-रेंत काहीच नव्हते. धागा, कापड, लाकूड आणि बहुतेक प्लास्टिक यांची घनता शरीराच्या मऊ भागांसारखीच असल्याने ते साध्या एक्स-रेत उठून दिसत नाहीत. मग नळीने अन्नपिशवीत (गळ्याशी असलेली, गिळलेले दाणे साठवणारी पिशवी) एक्स-रेत पांढरे दिसणारे बेरियम सोडून काही तासांत ठरावीक अंतराने एक्स-रे घेतले. पांढऱ्या शुभ्र अन्नपिशवीत मधोमध एक काळसर, न भरलेली जागा दिसली, तो धाग्यांचा गोळा होता. भूल देऊन चिमट्याने तो चोचीवाटे काढता आला. तो पेषणीत उतरला असता तर शस्त्रक्रियेचीच वेळ होती, असे डॉक्टर म्हणाले.

खर्च कमी नाही, विशेषतः बेरियमचा, कारण एकामागून एक एक्स-रे घ्यावे लागतात. तरीही एकच एक्स-रे काढून निष्कर्ष देणाऱ्या ठिकाणी मी पुन्हा जाणार नाही, आणि काय हरवले, काय कुरतडले गेले याची यादी हातात घेतल्याशिवाय तर मुळीच जाणार नाही, कारण धातू शोधायचा की धागा, हे डॉक्टरांनी मला प्रथम विचारले होते. घुंगरू आणि दोरी दोन्ही गेली. आता पिंजऱ्यात कडुनिंबाच्या फांद्या आहेत.