बॅफलला छिद्रे पाडावीत, ते काढून टाकावे की सायलेन्सरच बदलावा?

मोटरसायकलचा आवाज बदलायचा ठरला की साधारणपणे तीन पर्याय समोर येतात: आहे त्या बॅफलला (सायलेन्सरच्या आतल्या, आवाज अडवणाऱ्या पडद्यांना किंवा नळीला) छिद्रे पाडणे, बॅफल काढूनच टाकणे, किंवा जाळीदार सरळ नळीभोवती ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेला दुसरा सायलेन्सर बसवणे. तिन्हींमुळे आवाज वाढतो, त्यामुळे हे एकाच कामाचे कमी-अधिक धाडसी प्रकार आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात आवाज मोठा होणे आणि आवाजाचा पोत बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांना हवी असते दुसरी, पण घाईत हाती लागते पहिली.

यामागचे कारण सायलेन्सरच्या पोटात दडलेले आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो आणि तो झटक्याने मोकळा होतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात असे ठोके सेकंदाला २५ पडतात. हा झाला मूळ खर्ज, आणि त्याच्यावर त्याच ठोक्यांतून निघालेले चढे, धारदार स्वर स्वार झालेले असतात. कारखान्यातून येणाऱ्या सायलेन्सरमध्ये बहुधा आडवे पडदे, कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या आखूड नळ्या असतात. ध्वनिलहरी या कप्प्यांत आपटून उलट फिरतात, परस्परांना छेदतात आणि त्यांत खर्जही बराच दबतो. ग्लासवूलचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. जाळीतून बाहेर आलेली लहर तंतूंमध्ये घासली जाऊन तिची उष्णता होते, आणि ही क्रिया चढ्या स्वरांवर जितकी प्रभावी ठरते तितकी खालच्या स्वरांवर ठरत नाही. म्हणूनच सरळ नळी आणि ग्लासवूल असलेल्या सायलेन्सरमधून खर्ज सुटून येतो आणि धार आतच राहते; ज्याला आपण ‘जाड आवाज’ म्हणतो तो हाच.

आता छिद्रे पाडण्याचा पर्याय या कसोटीवर पाहू. मूळ सायलेन्सर वेल्डिंगने बंद असेल तर मागच्या तोंडातून लांब ड्रिल घालून केवळ शेवटच्या पडद्यापर्यंत पोहोचता येते. तिथे छिद्र पडले की शेवटचा कप्पा निकामी होतो, पण त्या जागी धार शोषणारे काहीच येत नाही. परिणामी खर्ज थोडा वाढतो, कर्कशपणा त्याहून अधिक वाढतो आणि पत्रा वाजल्यासारखा नाद येऊ लागतो. शिवाय छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, ही बाब हातात ड्रिल असताना विसरायला होते. ६ मिलिमीटरच्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर, तर १२ मिलिमीटरच्या छिद्राचे ११३, म्हणजे चौपट. बॅफलच्या नळीचा आतला व्यास २५ मिलिमीटर असेल तर वायूला जाण्यासाठी तिथे सुमारे ४९० चौरस मिलिमीटर जागा असते. ८ मिलिमीटरची दहा छिद्रे पाडली की जवळपास तेवढीच जागा नव्याने उघडते.

या पर्यायाचा गुण एवढाच की खर्च जवळजवळ नसतो आणि बदल टप्प्याटप्प्याने करता येतो. पण तो एकाच दिशेने चालतो, कारण पाडलेले छिद्र नीट बुजवायचे तर वेल्डिंग करावे लागते. त्यामुळे बॅफल सुटे निघणारे असेल, म्हणजे मागच्या तोंडाशी एका बोल्टने किंवा सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) धरलेले असेल, तरच हा मार्ग मला पटतो. तेव्हाही मूळ बॅफल जपून ठेवावे आणि त्याच मापाचे दुसरे घेऊन प्रयोग त्याच्यावर करावेत. काजळी आणि गंज यांमुळे तो बोल्ट हमखास अडकतो. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे, जोर लावून त्याचे डोके मोडू नये. बॅफल स्टेनलेस स्टीलचे असेल तर ड्रिल कमी वेगाने, तेल सोडत आणि दाब न सोडता चालवावे, कारण बिट जागच्या जागी घासत राहिले की तो धातू आणखी कडक होतो. छिद्रांच्या कडा कानसेने साफ कराव्यात आणि एका वेळी दोन-तीन छिद्रांपलीकडे जाऊ नये.

बॅफल पूर्ण काढण्याचा परिणाम आधी आत काय होते यावर ठरतो. बदली सायलेन्सरमध्ये तोंडाशी बसवलेली निमुळती नळी, म्हणजेच डीबी किलर, काढली तर मागे जाळी आणि ग्लासवूल शिल्लक राहते. आवाज बराच वाढतो, पण त्याला काही आकार उरतो. मूळ सायलेन्सरमधले सगळे पडदेच कापून काढले तर उरते ती नुसती पोकळ नळी. तिचा आवाज पहिल्या दिवशी रुबाबदार वाटला तरी तासाभराच्या सलग प्रवासात तो डोक्यात भिनतो, आणि हा पर्याय मी कोणालाही सुचवणार नाही.

इंजिनवर होणाऱ्या परिणामाविषयी एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे, तो असा की इंजिनला ‘बॅक प्रेशर’ (एक्झॉस्टमधल्या अडथळ्याचा उलटा दाब) लागतेच. फोर-स्ट्रोक इंजिनला अडथळा नको असतो. त्याला हवी असते योग्य वेळी परतणारी दाबलहर. नळी जिथे एकदम रुंद होते किंवा संपते तिथून कमी दाबाची लहर उलट फिरते, आणि मिश्रण आत घेणारा आणि वायू बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच ती पोहोचली तर जळालेला वायू बाहेर खेचायला मदत करते. बॅफल काढल्यावर हे गणित बदलते आणि काही गाड्यांचा खालच्या फेऱ्यांवरचा पिकअप मंदावतो. अडथळा कमी होऊन हवेचा प्रवाह वाढला तर कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रणात पेट्रोल तुलनेने कमी पडू शकते आणि जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा बारीक छिद्राचा भाग) बदलण्याची वेळ येते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत ही तूट भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला बहुतेक गाड्या आधीच ठरवलेल्या तक्त्यावर चालतात. थ्रॉटल सोडल्यावर फटफट असे बार ऐकू येऊ लागले तर आधी सांध्यातून हवा आत जाते आहे का ते पाहावे आणि मगच मिश्रणाकडे वळावे.

ग्लासवूलचा सायलेन्सर या तिघांत सर्वांत महाग, पण आवाजाचा पोत बदलण्यासाठी खरा उपाय तोच. त्याची मागणी देखभालीची आहे. तंतू उष्णतेने ठिसूळ होऊन हळूहळू उडून जातात आणि आवाज पुन्हा धारदार होऊ लागतो, तेव्हा रिव्हेट काढून नवे वूल भरावे लागते. रिव्हेटऐवजी स्क्रूने उघडणारा सायलेन्सर मिळाला तर तो घ्यावा. खरेदीपूर्वी गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे हे अवश्य तपासावे. तो मूळ सायलेन्सरच्या आतच असेल तर सायलेन्सरबरोबर तोही जातो आणि विषारी वायू न शुद्ध होता बाहेर पडतात.

कोणताही मार्ग घेतला तरी आधीचे आणि नंतरचे माप घ्यावे, कारण कान दोन दिवसांत सरावतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ४१ मधील उभ्या गाडीची चाचणी घरी तुलना करायला सोयीची आहे: मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडाच्या उंचीवर, तिथून अर्धा मीटर दूर आणि वायूच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून ठेवायचा, कमाल शक्ती मिनिटाला ५००० पेक्षा जास्त फेऱ्यांवर मिळत असेल तर त्याच्या निम्म्या फेऱ्यांवर इंजिन धरायचे. मोबाईलचे ॲप नेमका आकडा देणार नाही, पण त्याच जागी, त्याच पद्धतीने घेतलेल्या दोन मापांतला फरक बऱ्यापैकी कळतो. ३ डेसिबलची वाढ म्हणजे दुप्पट ध्वनिऊर्जा, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो. मान्यता मिळालेल्या सायलेन्सरमध्ये फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवणे बहुतेक देशांत दंडनीय आहे. छिद्रे पाडलेले किंवा बॅफलच काढलेले सायलेन्सर तिथे अडकतात, तर आपल्या मॉडेलसाठी मान्यता असलेला बदली सायलेन्सर चालतो, आणि निवड करताना हा फरक मला निर्णायक वाटतो.

मोठ्या आवाजामुळे इतर वाहनचालक सावध होतात, म्हणून तो सुरक्षिततेसाठी हवा, या युक्तिवादावर मात्र पैसे खर्च करू नयेत. चढे स्वर प्रामुख्याने सायलेन्सरचे तोंड वळलेल्या दिशेला, म्हणजे मागे जातात, आणि चौकात आडवा येणारा चालक पुढे असतो.

हे सारे फोर-स्ट्रोक गाड्यांपुरते आहे. टू-स्ट्रोकमध्ये फुगीर एक्झॉस्ट पाईप आणि त्याच्या शेवटची बारीक नळी हा इंजिनच्या रचनेचाच भाग असतो. तिथला अडथळा कमी केला तर शक्ती घटते. अशा गाडीचे बॅफल बाहेर काढायचे ते केवळ साचलेला कार्बन खरवडण्यासाठी, आणि साफ करून जसेच्या तसे परत बसवायचे.