स्टॅम्पीडची तिकिटे परस्पर विकत घेताना आमची झालेली फसवणूक

गेल्या जुलैमध्ये आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे कॅनडातल्या कॅलगरीला आले होते. बाबांचे निम्मे आयुष्य बैलगाडी शर्यतींच्या मैदानांवर गेलेले असल्यामुळे स्टॅम्पीड या इथल्या जुलैतल्या काउबॉय-उत्सवातल्या चकवॅगनच्या शर्यती त्यांना दाखवायच्याच, असे मी त्यांचा व्हिसा आला त्याच दिवशी ठरवले होते. चार घोडे जुंपलेली छपराची गाडी पिंपांभोवती वळसे घेऊन धावपट्टीवर सुटते, असे मी फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मानेवर जू असतं का रे?" १९२३ पासून स्टॅम्पीडमध्ये होणाऱ्या या शर्यती दुपारच्या रोडिओत, म्हणजे उसळत्या घोड्या-बैलांवर बसण्यासारख्या काउबॉय-स्पर्धांत, नसतात, त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात असतात आणि त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते.

आळस माझाच. जूनअखेरीस तिकिटे पाहू लागलो, तेव्हा शनिवारच्या संध्याकाळी ग्रँडस्टँडमध्ये, म्हणजे धावपट्टीसमोरच्या प्रेक्षकांच्या सज्ज्यात, सलग चार खुर्च्या मिळेनात. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर मात्र नेमक्या तशाच चार खुर्च्यांची जाहिरात होती. घरात आजारपण आल्यामुळे येता येत नाही, म्हणून तिकिटे विकतो आहे, असे विक्रेत्याने लिहिले होते. त्याने भाव पाडला असता तर मला कदाचित शंका आली असती; पण त्याने खरेदीचीच किंमत मागितली, एक डॉलरही कमी करायला तो तयार झाला नाही, आणि त्या घासाघिशीमुळेच तो मला खरा वाटला. मी मागितल्यावर त्याने फोनवर तिकिटे सरकवून दाखवणारी चित्रफीतही पाठवली. तिकिटे खरीच होती, हे मला नंतर कळले.

पैसे ई-ट्रान्स्फरने, म्हणजे बँक खात्यातून थेट ऑनलाइन, द्यायचे ठरले. या पद्धतीत एरवी आपण एक प्रश्न घालतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय समोरच्याला पैसे उचलता येत नाहीत. पण त्याच्या खात्याला ऑटो-डिपॉझिट लावलेले होते, म्हणजे मी बटण दाबताच ३२० डॉलर त्याच्या खात्यात जमा होणार होते. पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. ते जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हते. मी विचारले, त्याने "बायकोचे खाते आहे" असे लिहिले, आणि मी बटण दाबले. त्या क्षणी थांबायला हवे होते, हे मला तेव्हाही अर्धवट जाणवले होते. पाच मिनिटांत तिकिटांची पीडीएफ आली.

शनिवारी सी-ट्रेन या शहरातल्या लोकलने स्टॅम्पीड पार्कला पोहोचलो, तेव्हा बाबांच्या डोक्यावर नवीकोरी काउबॉय टोपी होती. दारावरच्या मुलीने पहिला बारकोड वाचला, यंत्र लाल झाले. मग उरलेले तिन्ही वाचले, तरी तेच. संध्याकाळच्या तिकिटात पार्कचा प्रवेशही धरलेला असल्यामुळे कोड बाहेरच्या दारावरच तपासला जातो, आणि या चार कोडांवर दुपारीच कोणीतरी आत गेलेले होते. आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याने मान वाकवून माझ्या फोनकडे पाहिले आणि स्वतःचा फोन पुढे केला: तोच विभाग, तीच रांग, आमच्यापैकी दोन खुर्च्या. एकच पीडीएफ किती जणांना विकली गेली होती, कोण जाणे. जो आधी पोहोचला त्याला शर्यत पाहायला मिळाली.

बँकेने सांगितले की पैसे मी स्वतःहून पाठवलेले आहेत आणि जमा झालेले ई-ट्रान्स्फर परत फिरवता येत नाही. पोलिसांकडे आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवली; पैसे आजवर मिळालेले नाहीत. तिकीटखिडकीवरच्या गृहस्थांनी समजावले की तिकीट परस्पर घ्यायचेच असेल, तर ते विक्रेत्याच्या खात्यातून आपल्या खात्यात हस्तांतरित करून घ्यावे, कारण तसे केल्यावर जुना कोड बाद होऊन नवा तयार होतो. पीडीएफ किंवा पडद्याचा फोटो घेऊन काहीच हाती येत नाही, कारण मूळ कोड विकणाऱ्याकडेच राहतो.

त्या संध्याकाळी आम्ही नुसता प्रवेश काढून पार्कात फिरलो. ग्रँडस्टँडच्या पलीकडून शर्यतीचा भोंगा वाजला की बाबा चालता चालता थांबत. मंगळवारसाठी मी खिडकीवरूनच दोन तिकिटे काढली आणि त्यांना घेऊन गेलो. घोड्यांना जू नसते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

मंगळवारी रात्री घरी परतल्यावर मी ते संकेतस्थळ पुन्हा उघडले. विक्रेत्याचे नाव बदललेले होते, तारीख शुक्रवारची होती, आजारपणाचे वाक्य शब्दन्‌शब्द तेच होते, आणि खुर्च्या पुन्हा सलग चारच होत्या.