स्पायडर-मॅनची सुरुवात: आधी कोणता सिनेमा लावाल?

स्पायडर-मॅन पहिल्यांदाच बघायचा असेल, किंवा घरातल्या शाळकरी पोराला दाखवायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची हा प्रश्न पडतोच. २००२ पासून टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड अशा तिघांनी मोठ्या पडद्यावर पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, रंगवला. शिवाय ॲनिमेशनमधला दुसरा स्पायडर-मॅन, माइल्स मोरालेस, आहेच. निवड करताना कोळी चावण्याचा प्रसंग सोडून द्या, तो कुठेही पटकन उरकतो. ज्या चोराच्या हातून पुढे त्याचे काका मरतात, त्याला पीटर आधी का जाऊ देतो, ते बघा. माझ्या मते तिथेच सिनेमा जमतो किंवा फसतो.

मूळ गोष्ट ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ या कॉमिकच्या १५व्या अंकातली. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को, आणि पानं अवघी ११. किरणोत्सर्गी कोळी चावलेला हा पोरगा टीव्हीवर करामती दाखवून नाव कमावायला लागतो. स्टुडिओत एक चोर त्याच्या समोरून पळतो, मागून पोलीस ‘अडव त्याला’ म्हणून ओरडतो, आणि पीटर ढिम्म. दुसऱ्याच्या भानगडीत मी का पडू, एवढाच माज. पुढे एका रात्री घरी येतो तर दारात पोलीस, आणि त्याला वाढवणारे बेनकाका गेलेले. गोदामात खुन्याला धरल्यावर चेहरा दिसतो, तर तोच चोर. ‘मोठ्या ताकदीसोबत मोठी जबाबदारी येते’ हे आता सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य इथे काकांच्या तोंडी नाहीच. ते शेवटच्या चौकटीत निवेदनातून येतं.

दिग्दर्शक सॅम रायमीने २००२ च्या, टोबी मॅग्वायरच्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये ते काकांच्या तोंडी घातलं, तेही गाडीत, पुतण्याशी वाद चालू असताना. आणि पीटर काय म्हणतो, तर माझे वडील असल्याचा आव आणू नका. काका-पुतण्याचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतरचा कुस्तीचा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. रिंगणात तीन मिनिटं टिकला तर ३,००० डॉलर, अशी जाहिरात असते. पीटर दोनच मिनिटांत गड्याला लोळवतो, तर आयोजक त्याच्या हातावर १०० डॉलर टेकवतो. मला पैशांची गरज आहे म्हटल्यावर, त्याच्याशी माझा काय संबंध, असं ऐकवतो. पुढच्याच क्षणी चोर त्याच आयोजकाची रोकड घेऊन पळत येतो आणि पीटर बाजूला होऊन त्याला लिफ्टची वाट मोकळी करून देतो. आयोजक खवळतो. पीटर त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारतो.

इथे थिएटरमध्ये हशा पिकतो. बरी जिरली, असं आपल्यालाही वाटतं. बाहेर रस्त्यावर गर्दी दिसते आणि त्या गर्दीत बेनकाका पडलेले असतात, तेव्हा त्या हसण्याची आपल्यालाच लाज वाटते. कॉमिकमध्ये पीटर एकटा दोषी होता. रायमीने प्रेक्षकालाही त्यात ओढलं. बदल त्याने इतरही केले (कोळी किरणोत्सर्गीऐवजी जनुकं बदललेला, जाळं यंत्राऐवजी थेट मनगटातून), पण त्यावर तेव्हा झालेला गदारोळ मला कधी कळला नाही. वाईट एवढंच, की २००७ च्या तिसऱ्या भागात त्यानेच काकांचा खून दुसऱ्याच माणसाच्या नावावर टाकला आणि स्वतःच बांधलेल्या गोष्टीची हवा काढून घेतली.

मार्क वेबच्या २०१२ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये हाच प्रसंग किराणा दुकानात घडतो. चॉकलेट दुधाला दोन सेंट कमी पडतात, गल्ल्यावरचा माणूस अडून बसतो, आणि मागचा ग्राहक गल्ला लुटता लुटता दुधाची बाटली पीटरकडे फेकतो. कल्पना छान आहे, अपमान क्षुल्लक आणि म्हणूनच खरा. पण सिनेमाचा जीव दुसरीकडेच गुंतलाय: वडिलांची लपवलेली बॅग, त्यांचं गुपित संशोधन, ऑस्कॉर्प कंपनी. काकांच्या खुन्याचा शोध अर्ध्यावर जो सुटतो तो सुटतोच. २०१४ च्या पुढच्या भागात तर वडिलांनी त्या कोळ्यांमध्ये स्वतःचाच डीएनए वापरला होता, असं निघतं. म्हणजे कोळी कुणालाही चावला असता, ही गंमतच गेली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला साधा पोरगा एकदम खानदानी वारसदार झाला. गारफिल्ड आणि एमा स्टोन यांची जोडी मात्र झकास. प्रेमकथेसाठी बघायचा असेल तर हाच लावा.

टॉम हॉलंडच्या वेळी मार्व्हलने उगमकथा सरळ गाळली. २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये तो स्वतःच्या खोलीत टोनी स्टार्कला (म्हणजे आयर्न मॅनला) एवढंच सांगतो, की करता येत असूनही आपण काही केलं नाही आणि वाईट घडलं, तर ते आपल्यामुळे घडतं. काकांचं नावही नाही. २०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये मित्र कोळ्याबद्दल विचारतो, तर तो कोळी मेला म्हणून विषय बंद. पंधरा वर्षांत तिसऱ्यांदा तेच मरण दाखवायचं टाळलं हे शहाणपणाचंच. पण नवख्या माणसाला या पोराला एवढी टोचणी कसली आहे ते कळत नाही आणि टोनी स्टार्कच त्याचा काका वाटायला लागतो. ते प्रसिद्ध वाक्य या मालिकेत थेट २०२१ मध्ये येतं, पीटरच्या मेकाकूच्या तोंडी. आधीचे सिनेमे बघितलेल्यांना ते जास्त लागतं.

२०१८ चा ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ हा माझा सगळ्यात लाडका, तरी पहिला म्हणून मी तो सुचवणार नाही. यातला प्रत्येक कोळीमानव ‘चला, शेवटचं एकदा सांगतो’ म्हणत आपली जन्मकथा भराभर उरकतो. मूळ माहीत असेल तरच त्यातली थट्टा कळते. माइल्सचा अ‍ॅरनकाका स्वतःच गुन्हेगार निघतो, आणि खलनायक किंगपिनच्या हातून मरतो तो पुतण्याला मारायला नकार दिल्यामुळे. इथे चोराला सोडून देण्याची चूक नाहीच. तरी पोकळ वाटत नाही, कारण माइल्सची अडचणच वेगळी आहे: जागा गेलेल्या पीटरची, आपण तिथे शोभतो का?

तर मोठ्यांनी २००२ चा सिनेमा आधी आणि २०१८ चा लगेच मागोमाग बघावा. पोरं अगदी लहान असतील तर क्रम उलटा करा, थट्टा थोडी हुकली तरी चालेल. रायमीच्या सिनेमातल्या खलनायकाचा, ग्रीन गॉब्लिनचा, एक बॉम्ब माणसांचे क्षणात सांगाडे करतो, झोपायच्या आधी ते नको. दोन्ही आवडले तर २०२३ चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आहे. तो आपल्याकडे मराठी डबिंगमध्येही आला होता, आणि त्यात मुंबई-मॅनहॅटनची भेसळ असलेल्या मुंबॅटनचा पवित्र प्रभाकरही आहे. जवळचं माणूस गेल्याशिवाय स्पायडर-मॅन घडतच नाही का, यावरच तिथे भांडण जुंपतं. फक्त तो सिनेमा ऐन रंगात असताना अर्ध्यावर थांबतो, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.