सोफ्याला कोंडा झाला

2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरातलं सगळं लाकूडसामान गेलं. दोन वर्षांनी दिवाळीत इथल्याच एका शोरूममधून 38 हजारांचा सोफा आणला. 'बाँडेड लेदर आहे, काका,' असं विक्रेता म्हणाला. मला फक्त लेदर ऐकू आलं.

दोन वर्षं ऐटीत गेली. तिसऱ्या पावसाळ्यात पाठीवर, मी डोकं टेकतो तिथं, पापुद्रे सुटायला लागले. माझं डोकं खोबरेल तेलाचं, त्याचंही पाप असेल. मग हात ठेवायची जागा गेली. पांढऱ्या लेंग्यावर तपकिरी कोंडा घेऊन उठायचं आणि हिनं झाडू घेऊन मागं यायचं, असा दिनक्रम. दुकानात गेलो तर वॉरंटी आतल्या सांगाड्याची, वरच्या कव्हरची नाही म्हणे.

निघालेला तुकडा घेऊन मिरजेला आमच्या नेहमीच्या चर्मकाराकडं गेलो. त्यानं नखानं थर सोडवून दाखवले. वर पॉलियुरेथेनचा रंगीत पापुद्रा, त्यावर चामड्यासारखी नक्षी दाबलेली. मध्ये चामड्याचा चुरा चिकट द्रव्यात कालवून थापलेला. खाली कापड. दमट हवेनं, घामा-तेलानं वरचा पापुद्रा ठिसूळ होतो. 'शिवून दे की,' म्हटलं. 'सुईनं धरायचं कशाला? चामड्यात धागे एकमेकांत गुंतलेले असतात, इथं त्यांचं पीठ केलंय. भाकरीची परत ज्वारी होते का?'

त्याच्या वडिलांनी 1994 साली शिवलेली माझी वसुलीची पिशवी तो ओळखतो. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो, तेव्हाची. शिवणीत अजून हळद आहे. पुरात ती चार दिवस पाण्यात होती. बुरशी आली, पापडासारखी कडक झाली. सावलीत वाळवली, पुसली, तेल चोळलं, आली वळणावर. पट्टा मात्र दोनदा बदललाय, आणि निगा राखली नाही तर तीही तडकणारच.

अस्सल चामड्याचा सोफा मला परवडला नसता, हे कबूल. पण मग त्याच पैशात चांगला कापडी आला असता. घेणारच असाल तर गादीची चेन उघडून कव्हर उलटं करून बघा. विणलेलं कापड दिसलं तर सरळ घरी या. अस्सल चामड्याची उलटी बाजू रेशाळ, लव असल्यासारखी लागते.

पाचपैकी एक तारा, तोही आतल्या सागवानी सांगाड्याला. सध्या वर सोलापुरी चादर टाकलीय. नातू खालून हात घालून सोलतोच.