एप्सन एचएक्स-२० की टीआरएस-८० मॉडेल १००?

जुना पोर्टेबल संगणक कपाटात मांडण्यासाठी नव्हे, तर त्यावर लिहिण्यासाठी हवा असेल, तर शोध बहुधा या दोन यंत्रांपाशी येऊन थांबतो. दोन्ही साधारण ए-फोर कागदाएवढी आहेत, दोन्हींचा कीबोर्ड आजही समाधान देतो आणि देवनागरीची अपेक्षा दोन्हींकडून ठेवू नये.

अंगभूत सोयींत १९८२ मध्ये बाजारात आलेला एचएक्स-२० वरचढ वाटतो. त्यात एसटीच्या तिकिटासारख्या अरुंद पट्टीवर छापणारा प्रिंटर आहे आणि शेजारी माहिती साठवणाऱ्या मायक्रोकॅसेटचा (छोट्या फितीचा) भाग बसवण्याची जागा आहे. ही पट्टी सरकताना पाहण्यात मौज आहे, हे मला मान्य करावेच लागेल. मात्र त्याचा पडदा २० अक्षरांच्या चारच ओळींचा आहे. मराठीत विचार करून रोमन लिपीत टिपणे काढणाऱ्या माझ्यासारख्याचे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचते, तोवर त्याचा कर्ता वर सरकून दिसेनासा झालेला असतो. मग मागे जायचे, वाचायचे, पुन्हा खाली यायचे. हिशेब किंवा बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले छोटे प्रोग्रॅम करणाऱ्याला हे कदाचित जाणवणारही नाही. मला मात्र ते सोसवले नाही.

१९८३ च्या मॉडेल १०० मध्ये प्रिंटर नाही, पण ४० अक्षरांच्या आठ ओळी एकदम दिसतात, म्हणजे आख्खा परिच्छेद नजरेसमोर राहतो. यंत्र सुरू करताच समोर येणाऱ्या यादीत बेसिकबरोबर लेखनाचा प्रोग्रॅमही असतो. त्यातला ३०० बॉड इतक्या संथ गतीचा मोडेम त्या काळी अमेरिकी बातमीदारांना दूरध्वनीवरून मजकूर धाडायला उपयोगी पडला. आज तो निरुपयोगी असला, तरी सिरियल पोर्टमधून मजकूर नव्या संगणकावर आणता येतो. शिवाय ते चार पेन्सिल सेलांवर चालते. एचएक्स-२० ची पुन्हा भारित होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी आतच बसवलेली असते आणि इतक्या वर्षांनी ती बदलणे बहुधा अटळ ठरते.

अर्थात मॉडेल १०० च्या मदरबोर्डावरही मेमरी जपणारी एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळून आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाते, म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून आतले छायाचित्र अवश्य मागवावे. आठ केबीचे यंत्र मिळाले तरी बिचकू नये, कारण मेमरी ३२ केबीपर्यंत वाढवता येते.